टिंबांची लेखणी : ब्रेल लेखनसाधनांचा परिचय

प्रास्ताविक

लिपीचा शोध ही मानवी इतिहासातील थोर घटना होय, असे आम्ही इतिहासाचे शिक्षक वर्गात सांगत असतो. परंतु लिपी अस्तित्वात असणे आणि ती लिहिण्याचे साधन आपल्या हाती असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. कित्येक शतके असंख्य माणसांच्या डोळ्यांसमोर अक्षरे होती. शिलालेख होते, पोथ्या होत्या, सावकाराच्या वह्या होत्या. मात्र लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या हाती हिशेब, हे आपल्या समाजाने अनुभवलेले सत्य आहे.

अंध व्यक्तींच्या शिक्षणाचा इतिहास पाहू लागलो म्हणजे हाच फरक अधिक स्पष्ट दिसतो. त्यांच्यासाठी वाचण्याची पुस्तके प्रथम तयार झाली, लिहिण्याचे साधन नंतर आले. आणि त्यांच्या जीवनात खरे परिवर्तन घडले ते लिहिण्याच्या साधनाने. म्हणून ब्रेल लिपीचा अभ्यास करताना नुसती अक्षरे पाहून भागत नाही. ती कागदावर उमटतात कशी, कोणत्या साधनाने उमटतात आणि ते साधन कोणाच्या हाती असते, हेही समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखात पाटी व स्टायलस, ब्रेल लेखनयंत्र, ठशांची छपाई आणि संगणकाला जोडलेला एम्बॉसर या चार साधनांचा परिचय करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सहा टिंबांचे घर

ब्रेल ही भाषा नव्हे, ती लिपी आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी, पाली अशा कोणत्याही भाषेचा मजकूर तिच्यात लिहिता येतो. या लिपीचा पाया म्हणजे सहा टिंबांचे एक घर. या घरात दोन उभ्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत तीन टिंबांना जागा असते. डावीकडील टिंबांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडील टिंबांना ४, ५, ६ असे क्रमांक दिलेले आहेत. यांपैकी कोणती टिंबे उठवायची आणि कोणती सपाट ठेवायची, यावरून अक्षर ठरते. अशा एकूण ६३ आकृती तयार होतात. कोरे घर धरल्यास ६४.

एका घरातील दोन टिंबांमधील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते आणि टिंबाची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर. ही मापे सहज ठरलेली नाहीत. संपूर्ण घर बोटाच्या अग्राखाली एकाच वेळी मावले पाहिजे, हा त्यामागील विचार आहे. घर मोठे केले तर बोटाला वरखाली चाचपडावे लागते. लहान केले तर टिंबे एकमेकांत मिसळून जातात.

आपल्या गावाचे नाव उदाहरणादाखल घेऊ. ‘दांडी’ हा शब्द ब्रेलमध्ये पाच घरांत बसतो. पहिले घर ‘द’ : टिंबे १-४-५. दुसरे ‘आ’ : ३-४-५. तिसरे अनुस्वार : ५-६. चौथे ‘ड’ : १-२-४-६. पाचवे ‘ई’ : ३-५. येथे एक गोष्ट ध्यानात येईल. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे लागतात. ब्रेलमध्ये तसे नाही. स्वराचे जे चिन्ह तेच मात्रेचे चिन्ह, आणि ते व्यंजनानंतर उच्चाराच्या क्रमाने लिहायचे. पहिली वेलांटी देवनागरीत अक्षराच्या आधी काढतात. ब्रेलमध्ये ती अक्षरानंतरच येते. जोडाक्षर लिहिताना मात्र हलन्ताचे चिन्ह, म्हणजे एकटे चौथे टिंब, अर्ध्या व्यंजनाच्या आधी द्यावे लागते. अंकांसाठी ३-४-५-६ हे अंकचिन्ह आधी देऊन पुढे अक्षरांचीच चिन्हे वापरतात. ‘१९५१’ हे वर्ष लिहायचे तर अंकचिन्ह आणि त्यापुढे अ, इ, ए, अ यांची चिन्हे लिहिली की झाले.

लेखणीपूर्वीचा काळ

फ्रान्समध्ये व्हॅलेंतिन आवी यांनी १७८५ च्या सुमारास पॅरिस येथे अंध मुलांसाठी शाळा चालविली. त्यांनी पुस्तके छापली ती नेहमीच्याच रोमन अक्षरांत. फक्त ती अक्षरे कागदावर उठावदार केली. हेतू चांगला होता. परंतु ती अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती, बोटांसाठी नव्हे. प्रत्येक अक्षराची वळणे चाचपून ओळखताना वाक्याचा आरंभ विसरून जाई. ग्रंथ जाडजूड आणि मोजके होते. त्याहून मोठी उणीव अशी की, विद्यार्थ्याला ही अक्षरे सहजपणे स्वतः लिहिता येत नसत. तो वाचक होता, लेखक नव्हता.

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळील कूव्रे या गावी झाला. त्यांचे वडील घोड्यांचे खोगीर व चामडी साज बनविणारे कारागीर होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कार्यशाळेत खेळताना चामड्याला भोके पाडण्याच्या अणकुचीदार हत्याराने, म्हणजे आपण ज्याला आरी म्हणतो तशा हत्याराने, त्यांच्या एका डोळ्याला इजा झाली. जखम चिघळली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. १८१९ मध्ये ते पॅरिसच्या शाळेत दाखल झाले.

तेथे शार्ल बार्बिए या माजी सैनिकी अधिकाऱ्याची एक पद्धत विद्यार्थ्यांपुढे आली. अक्षरांऐवजी उठावदार टिंबे वापरण्याची ती कल्पना होती. टिंबे टोचण्यासाठी खाचांची पाटी आणि अणकुचीदार लेखणीही तिच्यासोबत होती. पण बार्बिए यांचे घर बारा टिंबांचे होते, बोटाखाली न मावणारे. आणि ती पद्धत ध्वनींवर आधारलेली असल्याने तिच्यात शुद्धलेखनाला व विरामचिन्हांना स्थान नव्हते. किशोरवयीन ब्रेल यांनी बारा टिंबांची सहा केली. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी ही रचना सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढील भाग लक्षपूर्वक वाचावा. ही लिपी सहजासहजी स्वीकारली गेली नाही. १८४० नंतर शाळेच्या नव्या संचालकांनी तिच्या वापराला मनाई केली. अंधांची लिपी डोळसांच्या लिपीपेक्षा वेगळी असू नये, असा त्यामागील युक्तिवाद होता. म्हणजे वाचणाऱ्याच्या सोयीपेक्षा पाहणाऱ्याची सोय मोठी मानली गेली. मात्र विद्यार्थी ती लिपी गुपचूप वापरीत राहिले. टिपणे, पत्रे, रोजनिशी यांसाठी त्यांना दुसरे साधन नव्हते. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात ब्रेलचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला. लुई ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी निवर्तले. फ्रान्समध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये. वाचनाची लिपी वरून लादता येते. लिहिण्याची लिपी मात्र लिहिणारेच टिकवितात, हा या घटनेचा अर्थ आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

पाटी आणि स्टायलस

ब्रेल लिहिण्याचे सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त आणि आजही सर्वांत जास्त हातांत असलेले साधन म्हणजे पाटी व स्टायलस. आपल्याकडील शाळांत दिसणारी पाटी बहुधा लाकडी किंवा प्लास्टिकच्या तक्त्याची असते. तक्त्याच्या वरच्या टोकाला कागद घट्ट धरणारी पकड असते. तक्त्यावर बिजागरीने जोडलेली दोन थरांची पट्टी बसते. वरच्या थरात चौकटींच्या रांगा असतात. प्रत्येक चौकट म्हणजे एक घर. खालच्या थरात प्रत्येक चौकटीखाली सहा बारीक खळगे असतात. कागद या दोन थरांच्या मध्ये येतो. पट्टीवरील ओळी भरल्या की पट्टी उचलून तक्त्याच्या कडेच्या पुढील छिद्रांत बसवायची. खिशात मावणाऱ्या छोट्या पाट्याही असतात.

स्टायलस म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोल दांड्याला जोडलेला बोथट टोकाचा पोलादी खिळा. त्याने कागद फाडायचा नसतो, खळग्यात दाबायचा असतो. टोक फार तीक्ष्ण असेल तर कागदाला भोक पडते आणि भोक बोटाला नीट लागत नाही. फार बोथट असेल तर टिंब उठत नाही. ब्रेलसाठी वहीचा पातळ कागद चालत नाही. सुमारे १२० ते १६० जीएसएम जाडीचा, चिवट कागद लागतो.

आता या साधनाचे मुख्य वैशिष्ट्य. टिंब खाली दाबले जाते, म्हणून ते कागदाच्या मागील बाजूस उठते. वाचण्यासाठी कागद काढून उलटावा लागतो. त्यामुळे लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचे आणि प्रत्येक घरही उलटे लिहायचे. पाटीवर १, २, ३ ही टिंबे उजव्या ओळीत येतात आणि ४, ५, ६ डाव्या ओळीत. हे विसरले तर काय होते? ‘इ’ (२-४) चे ‘ए’ (१-५) होते. ‘ह’ (१-२-५) चे ‘ज’ (२-४-५) होते. ‘र’ (१-२-३-५) चे ‘ठ’ (२-४-५-६) होते. प्रथम शिकणाऱ्याला हे फार अवघड वाटेल असा समज असतो. परंतु अनुभवी शिक्षक मुलांना ‘डावे-उजवे’ असे न शिकविता ‘आधीची ओळ, नंतरची ओळ’ असे शिकवितात. लिहिताना हात ज्या दिशेने निघाला त्या दिशेची पहिली ओळ १-२-३, पुढची ४-५-६. असे शिकविले म्हणजे उलटसुलटचा घोळ राहत नाही.

या पाटीच्या मर्यादाही आहेत. लिहिलेले लगेच वाचता येत नाही; चूक झाली तर कागद काढून, टिंब नखाने दाबून सपाट करावे लागते. वेग कमी असतो आणि हात दुखतो. तरीही वीज नको, शाई नको, दुरुस्ती नको. दप्तरात मावते, कोणत्याही गावी चालते. ज्या आरीसारख्या हत्याराने एका मुलाची दृष्टी गेली, तशाच आकाराचे हे छोटे हत्यार पुढे लाखो जणांची लेखणी झाले.

लेखनयंत्र : लिहिता लिहिता वाचता येणारे साधन

पाटीवर उलटे लिहावे लागते, ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. पिएर फूको या अंध संशोधकाने ब्रेल यांच्या सहकार्याने १८४१ च्या सुमारास रॅफिग्राफ नावाचे यंत्र बनविले. त्याने टिंबांच्या साहाय्याने डोळसांनाही वाचता येतील अशी अक्षरे उमटत. पुढे अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या अंधशाळेचे अधीक्षक फ्रँक हॉल यांनी १८९२ मध्ये ब्रेलचे सुटसुटीत लेखनयंत्र तयार केले. त्यात सहा टिंबांसाठी सहा कळा होत्या. हॉल यांनी या यंत्राचे पेटंट घेतले नाही.

आज जगभर परिचित असलेले यंत्र म्हणजे पर्किन्स ब्रेलर. मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील पर्किन्स अंधशाळेचे संचालक गॅब्रिएल फॅरेल यांच्या सांगण्यावरून त्याच शाळेतील लाकूडकामाचे शिक्षक डेव्हिड एब्राहम यांनी ते घडविले. पहिला नमुना १९३९ मध्ये तयार झाला. महायुद्धामुळे काम रखडले आणि नियमित उत्पादन १९५१ मध्ये सुरू झाले. आपल्या देशात तामिळनाडूतील काटपाडी येथील वर्थ ट्रस्टच्या कारखान्यात हे यंत्र तयार होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

यंत्राची रचना अशी. मध्यभागी जागा सोडण्याची लांबट कळ. तिच्या डावीकडे तीन व उजवीकडे तीन कळा. डाव्या हाताची तर्जनी टिंब १, मधले बोट टिंब २, अनामिका टिंब ३. उजव्या हाताची तर्जनी ४, मधले बोट ५, अनामिका ६. अगदी डावीकडची कळ पुढील ओळीवर जाण्यासाठी, अगदी उजवीकडची एक घर मागे येण्यासाठी. ‘द’ लिहायचे तर १, ४, ५ या तिन्ही कळा एकदम दाबायच्या. टंकलेखन यंत्रात एका कळीला एक अक्षर असते. येथे कळांची जुडी म्हणजे एक अक्षर. हार्मोनियमवर अनेक सूर एकत्र दाबावेत तसे हे काम आहे.

कळ दाबली की तिच्या तरफेमुळे एक बारीक खिळा कागदाच्या खालून वर ढकलला जातो आणि वरच्या बाजूस असलेल्या खळग्यात कागद उचलला जातो. टिंब वरच्या अंगाला उठल्यामुळे लिहिलेले तत्क्षणी बोटाने वाचता येते, आणि लेखन डावीकडून उजवीकडे, वाचनाच्याच दिशेने होते. ओळ संपत आली की घंटी वाजते. एका ओळीत ४२ घरे आणि पानावर २५ ओळी बसतात. यंत्राचे वजन सुमारे पाच किलो आहे. ते रोज वसतिगृहातून वर्गात नेणे लहान मुलाला जड जाते आणि किंमतही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून शाळेने यंत्र घेतले तरी प्रत्येक मुलाच्या हाती त्याची स्वतःची पाटी असावी, असे आमचे मत आहे.

ठशांची छपाई

पाटी आणि लेखनयंत्र ही एका प्रतीची साधने होत. शंभर मुलांना एकच पाठ्यपुस्तक हवे असेल तर काय करायचे? येथे आपल्या परिसरातील वाचकाला समजावून सांगणे सोपे जाते. चिंचणी-तारापूर पट्ट्यात दागिन्यांचे ठसे कोरणारे डायमेकर कारागीर आहेत. एका ठशात आकृती खोल, दुसऱ्यात उंच. मध्ये धातूचा पातळ पत्रा ठेवून दाबला की नक्षी उठते. ब्रेलची छपाई नेमकी याच तत्त्वावर चालते.

हॉल यांनी १८९३ मध्ये यासाठी स्टिरिओटाइप यंत्र तयार केले. धातूचा पातळ पत्रा दुमडून दुहेरी करतात आणि यंत्राने त्यावर टिंबे ठोकतात. दोन्ही थरांवर एकाच वेळी ठोका बसल्यामुळे एका थराचे उंचवटे दुसऱ्या थराच्या खोलगट भागात तंतोतंत बसतात. मग दुमडलेल्या पत्र्याच्या मध्ये कागद घालून दाबयंत्राखाली दिला की सारे पान एका दाबात उठते. एकदा ठसा तयार झाला की कितीही प्रती काढता येतात. शाईचा एक थेंबही या छपाईत लागत नाही.

प्रारंभी कागदाच्या एकाच बाजूस छपाई होत असे. पुढे दोन्ही बाजूंना छापण्याची रीत आली. तिच्यात मागील बाजूची टिंबे पुढील बाजूच्या टिंबांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतील अशी किंचित सरकवून ठोकतात. बोटाला उंचवटाच जाणवतो, खोलगट भाग अडथळा करीत नाही. म्हणून वाचताना गोंधळ होत नाही आणि कागद जवळजवळ निम्मा वाचतो. ही बचत लहान नाही, कारण छापील एका पानाची ब्रेलमध्ये साधारण दोन-तीन पाने होतात. आपले एक पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये अनेक खंडांचे होते आणि त्यासाठी कपाट लागते.

थोड्या प्रतींसाठी थर्मोफॉर्म ही आणखी एक पद्धत आहे. हाताने लिहिलेल्या ब्रेल पानावर प्लास्टिकचा पातळ तक्ता ठेवून तो तापवितात आणि खालून हवा शोषून घेतात. मऊ झालेले प्लास्टिक टिंबांवर बसते आणि तोच आकार धरते. नकाशे, भूमितीच्या आकृती यांसाठी ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

संगणक आणि एम्बॉसर

एम्बॉसर म्हणजे संगणकाला जोडलेला ब्रेल मुद्रक. साध्या मुद्रकात शाई असते. यात विजेच्या आदेशाने वरखाली होणारे सूक्ष्म हातोडे असतात. बहुतेक यंत्रांत कडेला छिद्रे असलेला अखंड जाड कागद सरकत जातो आणि हातोडे त्यावर टिंबे उठवितात. दोन्ही बाजूंना छापणारी यंत्रेही आहेत. आवाज मोठा होत असल्याने ती अनेकदा बंद पेटीत किंवा वेगळ्या खोलीत ठेवतात.

परंतु एम्बॉसर स्वतः मराठी जाणत नाही. आधी संगणकातील मजकूर ब्रेल घरांत रूपांतरित करणारी आज्ञावली लागते. तो मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असेल तर हे काम सुरळीत होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टंकलेला मजकूर या आज्ञावलीला थेट समजत नाही. तो आधी बदलून घ्यावा लागतो. त्यानंतरही मुद्रितशोधन आवश्यक असते. ब्रेल जाणणारा वाचक बोटाने वाचीत जातो, डोळस सहकारी मूळ प्रत पाहत जातो आणि दोघे मिळून चुका काढतात. तक्ते, चित्रे, कोष्टके यांचे काय करायचे याचा निर्णय यंत्र घेऊ शकत नाही. तो माणसालाच घ्यावा लागतो. आपण आपल्या शाळेची पत्रके, प्रश्नपत्रिका, स्मरणिका युनिकोडमध्येच टंकली, तर उद्या कोणी ब्रेल प्रत मागितल्यास निम्मे काम झालेले असेल. ही सवय आजच लावून घ्यावी, त्याला खर्च काही नाही.

भारतातील व महाराष्ट्रातील वाटचाल

आपल्या देशातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी सुरू केली. महाराष्ट्रात १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच दादरची प्रसिद्ध अंधशाळा होय. १९०२ मध्ये ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. पुण्यात १९३४ पासून अंधशाळेचे कार्य चालू आहे. बोईसरहून लोकलने दादर गाठणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना हा सव्वाशे वर्षांचा वारसा आपल्या वाटेवर आहे याची कल्पनाही नसते.

त्या काळी अडचण साधनांची तर होतीच, पण लिपीचीही होती. भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचारात होत्या. डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची एक, अन्य शिक्षकांच्या व मिशनऱ्यांच्या आणखी काही. एका शाळेत छापलेले पुस्तक दुसऱ्या शाळेतील मुलाला वाचता येईलच असे नव्हते. ठसे बनविण्याचा खर्च मोठा आणि वाचक मात्र विखुरलेले, अशी ही स्थिती होती. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सुटला. १९५१ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने बैरूत येथे विचारविनिमय झाला आणि त्याच वर्षी सर्व भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ स्वीकारण्यात आली. मराठीतील ‘क’, बंगालीतील ‘क’ आणि तमिळमधील ‘क’ यांचे चिन्ह आज एकच आहे. डोळ्यांना जे जमले नाही ते बोटांनी साधले असेच म्हणावे लागेल.

१९५१ मध्येच देहरादून येथे मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय सुरू झाले आणि पुढे तेथेच ब्रेल साधनांचा कारखाना निघाला. पाटी, स्टायलस, गणिताची टेलर फ्रेम ही साधने देशातच बनू लागली. ही कामे आज देहरादूनच्या राष्ट्रीय दृष्टिदिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेच्या छत्राखाली आहेत. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली; ब्रेल मुद्रण हा तिच्या कार्याचा भाग आहे. १५ फेब्रुवारी २००८ पासून स्वागत थोरात यांच्या संपादनाखाली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक निघू लागले. पाठ्यपुस्तक ही गरज झाली. वर्तमानपत्र ही नागरिकत्वाची खूण आहे. ते मराठीतून बोटाखाली आले, याचे मोल फार आहे.

मोबाइल असताना ब्रेल कशाला?

हा प्रश्न पालक विचारतात, काही शिक्षकही विचारतात. आता मोबाइल मजकूर वाचून दाखवितो, बोललेले लिहूनही देतो. मग एवढा जाड कागद, एवढी जड यंत्रे कशासाठी? प्रश्न गंभीर आहे, कारण त्याच्या उत्तरावर एखाद्या मुलाचे शिक्षण अवलंबून असते.

ऐकलेल्या मजकुराचा उपयोग मोठा आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. मराठीतील ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. एकाचा अर्थ दिवस, दुसऱ्याचा गरीब. बोटाला मात्र ते स्पष्टपणे वेगळे लागतात, कारण ‘इ’ म्हणजे २-४ आणि ‘ई’ म्हणजे ३-५. जो केवळ ऐकून शिकला, त्याला शब्दाचा देह कधी भेटतच नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे, परिच्छेद, विरामचिन्हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. डोळस मुलाला आपण ‘तू फक्त ऐक, लिहावाचायला शिकू नकोस’ असे सांगतो का? मग अंध मुलाला ते का सांगावे?

दुसरी बाब परीक्षेची. अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळण्याची तरतूद आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण वर्षभराची टिपणे, पत्र, कविता, खात्याचा आकडा, मैत्रिणीला लिहिलेली चिठ्ठी यांसाठी लेखनिक कोठून आणणार? माणसाच्या मनात काही गोष्टी अशा असतात की त्या दुसऱ्याच्या हाताने लिहवून घेता येत नाहीत. तेवढ्यासाठी तरी प्रत्येकाकडे स्वतःची लेखणी हवी.

कायदाही आता या बाजूने उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ठराविक प्रमाणातील दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शिक्षणसाहित्य व योग्य सहायक साधने विनामूल्य द्यावयाची आहेत. ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करण्याची जबाबदारीही शासनावर टाकलेली आहे. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी पुस्तकाची ब्रेल प्रत काढण्यास मोकळीक मिळाली. अशाच हेतूने झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांआधी मान्यता देणारा देश भारत होता. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचे दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. हक्क कागदावर आला आहे. तो मागण्यासाठी त्या मुलाच्या आईवडिलांना तो माहीत असला पाहिजे, आणि किनाऱ्यावरील वाड्यांत व डोंगराकडील पाड्यांत ही माहिती पोहोचविणे हे आपल्यासारख्या शाळांचे काम आहे.

साधनांची निगा

आपला परिसर समुद्रकाठचा आहे. दमट, खारी हवा ब्रेलची शत्रू आहे. कागद ओलावा धरतो, मऊ पडतो आणि टिंबे बसतात. म्हणून ब्रेल कागद बंद पेटीत, जमिनीपासून उंचावर ठेवावा. ब्रेल पुस्तके एकावर एक रचू नयेत. वजनाने खालच्या पुस्तकाची टिंबे चेपतात. ती उभी ठेवावीत, पण घट्ट कोंबू नयेत. लेखनयंत्रावर काम संपताच आच्छादन घालावे आणि त्याची साफसफाई जाणकाराकडून वेळोवेळी करून घ्यावी. स्टायलसचे टोक गंजले तर कागद फाटतो, म्हणून ते कोरडे पुसून ठेवावे. वाचणाऱ्याचे हात स्वच्छ व कोरडे असावेत. आणि डोळस मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी : ब्रेल पानावर हाताने जोर देऊ नये, त्यावर वही ठेवून लिहू नये. आपल्याला कोरे वाटणारे ते पान कोणाचा तरी पूर्ण धडा असतो.

समारोप

पाटीपासून एम्बॉसरपर्यंतचा हा प्रवास यंत्रांच्या प्रगतीचा आहे, तसाच तो लेखणी कोणाच्या हाती गेली याचाही आहे. ठशाची छपाई आणि एम्बॉसर अंध व्यक्तीला पुस्तके देतात. पाटी आणि लेखनयंत्र तिला लेखक बनवितात. दोन्ही हवीत. पण एकाची निवड करण्याची वेळ आली, तर प्रथम मुलाच्या हाती पाटी द्यावी. ज्याला लिहिता येते तो आपल्याला हवे ते पुस्तक मागू शकतो, अर्ज करू शकतो, हिशेब तपासू शकतो, आणि नाही म्हणू शकतो.

स्वाध्याय

१. जाड कागदाखाली रबराचा मऊ तुकडा ठेवा. शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने, उजवीकडून डावीकडे, ‘दांडी’ हा शब्द टोचा. कागद उलटा आणि डोळे मिटून वाचा.

२. आपल्या नावात ‘इ’, ‘ह’ किंवा ‘र’ असेल तर ते सरळ आणि उलटे अशा दोन्ही प्रकारे टोचून पाहा. काय बदल होतो ते लिहा.

३. आवी यांची उठावदार अक्षरे आणि ब्रेल यांची टिंबे यांतील मुख्य फरक आपल्या शब्दांत सांगा. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो का महत्त्वाचा आहे?

४. आपल्या गावात दृष्टिबाधित व्यक्ती असतील तर त्यांच्याशी बोला. त्यांना ब्रेल शिकण्याची संधी मिळाली होती का, ते विचारा. त्यांच्या संमतीने ते टिपून ठेवा आणि ते त्यांना वाचून दाखवा.